वाचकांचे प्रश्न : गोष्ट सांगताना चुकले तर?

नाशिकच्या वाचकांकडून या वेळी आलेल्या पत्रांपैकी अनेक पत्रे एकाच विषयाची आहेत : श्रोत्यांसमोर गोष्ट सांगताना होणाऱ्या चुका आणि त्यांची धास्ती. ज्या शहरात 1840 पासून सार्वजनिक वाचनालय चालू आहे आणि जेथे मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला माणसे जमतात, तेथे माईकसमोर उभे राहण्याची हौस आणि भीती या दोन्ही गोष्टी भरपूर असणारच. आलेल्यांपैकी चार पत्रे थोडी संक्षिप्त करून उत्तरांसह देत आहोत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात आणि सुट्टीतील बालशिबिरांत कथाकथन करते. मागील कार्यक्रमात कथेच्या मध्यावर मला पुढचे काहीच आठवेना. काही क्षण शांततेत गेले, मग मी घाईने शेवटाकडे वळले, आणि ज्या चिठ्ठीवर सारा शेवट अवलंबून होता ती नायकाच्या हाती पडल्याचा प्रसंग सांगायचाच राहून गेला. टाळ्या झाल्या, परंतु त्या मला दयेच्या वाटल्या. तेव्हापासून मी कथा शब्दशः पाठ करते, तरीही भीती जात नाही. यापुढे कागद हातात घेऊन वाचूनच दाखवावे का? निर्दोष कथाकथन साधण्याचा काही उपाय आहे का?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : आपल्या पत्रात दोन निरनिराळ्या घटना एकत्र आल्या आहेत. काही क्षण न आठवणे ही एक आणि महत्त्वाचा प्रसंग गाळला जाणे ही दुसरी. पहिलीत दुरुस्त करण्यासारखे काही नाही. दुसरी दुरुस्त करायलाच हवी होती आणि ती तिथल्या तिथे, कथा चालू असतानाच करता आली असती. शब्दशः पाठांतराने यांपैकी एकही टळणार नाही. पाठ केलेल्या मजकुरात प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याच्या शेवटच्या शब्दावर टेकलेले असते, त्यामुळे मधला एक शब्द निसटला की पुढचे सगळेच अडते. उलट ज्याला चिठ्ठी कोणी लिहिली, ती कोणाच्या हाती पडली आणि ती वाचून कोण कोठे गेला एवढे पक्के ठाऊक आहे, त्याला एखादे सुंदर वाक्य विसरूनही पुढे जाता येते, आणि ते वाक्य विसरले गेले हे त्याच्यावाचून कोणालाही कळत नाही.

आपल्याकडच्या सांगण्याच्या जुन्या प्रकारांकडे या दृष्टीने पाहावे. पोवाड्यात शाहिराचा चरण संपतो तेथे झीलकरी ‘जी जी रं जी’ म्हणून सूर उचलून धरतात. वारकरी कीर्तनात बुवांच्या मागे उभे असलेले टाळकरी अभंगाचा चरण घोळवतात. नारदीय कीर्तनात पूर्वरंग संपून आख्यान लागण्यापूर्वी भजन होते. गोंधळात मुख्य गोंधळ्याला त्याचा साथीदार मध्येच भाबडे प्रश्न विचारतो, आणि घरात आजीची गोष्ट ऐकणारे मूल दर वाक्याला ‘हं’ म्हणते. या साऱ्या जागा रंगत वाढवतात हे खरेच, पण त्याबरोबर त्या सांगणाऱ्याला श्वास घ्यायला आणि पुढचे आठवायला अवधी देतात. माणूस अडखळणार, हे त्या रचनेत धरलेलेच असते. नाट्यगृहाच्या रंगमंचावर एकट्याने उभ्या राहणाऱ्या आजच्या कथाकथनकाराकडून मात्र आपण हे सगळे आधार काढून घेतले आहेत आणि वर त्याने एकदाही थांबू नये अशी अपेक्षा ठेवली आहे. म्हणून माझी पहिली सूचना अशी, की अशा दोनतीन जागा आपल्या कथेत आपणच पेराव्यात. एखादे पात्र पुन्हापुन्हा उच्चारते असे वाक्य, श्रोत्यांना विचारलेला एखादा खरा प्रश्न, किंवा प्रसंग बदलताना सावकाश घेतलेला पाण्याचा घोट, यांपैकी काहीही चालेल. बालशिबिरात तर मुले ते पालुपद दुसऱ्याच खेपेला आपणहून म्हणू लागतात आणि मग विसरायला झाले तरी गोष्ट चालू राहते.

त्या शांततेविषयी आणखी थोडे. केनेथ सॅव्हिट्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की भाषण करणाऱ्यांना आपली अस्वस्थता जितकी उघड दिसते आहे असे वाटत होते, तितकी ती ऐकणाऱ्यांना दिसत नव्हती. आणि ज्यांना ही वस्तुस्थिती आधी समजावून सांगितली होती, त्यांची भाषणे त्यांच्या स्वतःच्या व श्रोत्यांच्याही मते अधिक चांगली झाली. आपल्या टाळ्या दयेच्या होत्या हा निष्कर्ष आपण स्वतःच्या धडधडीवरून काढलेला आहे. मंदिरांच्या घंटा आणि ध्वनिक्षेपकाची खरखर यांच्यामध्ये घाटावर बसून व्याख्यान ऐकणाऱ्या नाशिककराला चार क्षणांची शांतता खुपेल, असे मला वाटत नाही.

राहून गेलेली चिठ्ठी मात्र खुपते, कारण तिच्यावाचून शेवट कळत नाही. अशा वेळी काय करावे? थांबावे, आणि ‘एक गोष्ट सांगायची राहिली, तो निघाला त्याच्या आदल्या रात्री त्याच्या हाती एक चिठ्ठी पडली होती’ असे सरळ म्हणून पुढे जावे. क्षमा मागू नये, हसून वेळ मारून नेऊ नये, खुलासा करू नये. माणसे एकमेकांना घरातल्या हकिकती अशाच मागेपुढे करून सांगतात आणि ऐकणाऱ्यांना ते मुळीच नवीन नसते. पुष्कळदा उशिरा आलेली माहिती वेळेवर आलेल्या माहितीपेक्षा अधिक परिणाम करून जाते. जे राहून गेले ते शेवटासाठी आवश्यक नसेल, तर ते निमूटपणे सोडून द्यावे.

तयारी करताना कथेतील प्रसंगांचा क्रम एका छोट्या कागदावर प्रत्येकी तीनचार शब्दांत लिहून काढावा आणि तेवढाच पाठ करावा. शब्दशः पाठ करण्यासारख्या गोष्टी थोड्याच असतात : पहिले वाक्य, शेवटचे वाक्य, पात्रांची नावे, आणि कथेत एखादे गाणे किंवा म्हण असल्यास ती. दुसऱ्या लेखकाची कथा सांगत असाल, तर ज्या वाक्यात त्या लेखकाचा जीव आहे ते त्याच्याच शब्दांत यायला हवे. तेवढ्यापुरते पुस्तक उघडून, सर्वांना दिसेल असे, वाचून दाखवण्यात कमीपणा नाही. संपूर्ण कथा वाचून दाखवणे ही स्वतंत्र कला आहे. ती आवडत असेल तर अवश्य करावी, परंतु भीतीपोटी तिचा आसरा घेतला, तर नजर कागदातच अडकून राहते आणि श्रोत्यांकडे जातच नाही.

आता याची दुसरी बाजू. अलीकडे ‘चुका करा, श्रोत्यांना त्या आवडतात’ असा उपदेश सर्रास ऐकू येतो, तो अर्धाच खरा आहे. एलियट ॲरन्सन यांनी सहकाऱ्यांसह 1966 मध्ये केलेल्या एका प्रयोगात प्रश्नमंजूषेत उत्तम उत्तरे देणाऱ्या माणसाने स्वतःच्या अंगावर कॉफी सांडली, तेव्हा तो ऐकणाऱ्यांना अधिक आवडू लागला. सुमार उत्तरे देणाऱ्याने तेच केले, तेव्हा तो आणखी नावडता झाला. प्रमाद गोड वाटतो तो तयारीच्या माणसाचा. ‘माझी फारशी तयारी नाही, सांभाळून घ्या’ अशी सुरुवात करणाऱ्या वक्त्यांविषयी म्हणूनच मला सहानुभूती वाटत नाही. ज्या मंडळींना ही विनंती नम्रतेची वाटते, त्यांनी ज्ञानेश्वर आठवून पाहावेत. शके 1212 मध्ये नेवाशाला, त्र्यंबकेश्वरी ज्यांची समाधी आहे त्या निवृत्तिनाथांच्या कृपेने गीतार्थ सांगताना त्यांनी श्रोत्यांना ‘न्यून तें पुरतें, अधिक तें सरतें’ करून घेण्याची विनंती केली, हे खरे. पण ती विनंती करणाऱ्याने स्वतःच्या बाजूने काही उणे ठेवलेले नव्हते. आपण शिक्षिका आहात, आपली तयारी पुरेशी असते. तेव्हा पुढच्या कार्यक्रमाला कागद पर्समध्ये ठेवून जावे.

प्रश्न : आमच्या सोसायटीत श्रावणात महिला एकत्र जमतात आणि मी आजीकडून ऐकलेल्या कहाण्या सांगते. दर वेळी कोणीतरी ज्येष्ठ बाई मध्येच म्हणतात, ‘आमच्याकडे अशी नाही हो ही कहाणी.’ मग माझा सगळा ओघ तुटतो. नेमकी बरोबर कहाणी कोणती?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : व्रताचा भाग म्हणून पूजेनंतर कहाणी वाचली जात असेल, तर ज्या घरी जे पुस्तक आहे त्यातील शब्द पाळावेत, तेथे वादाचे कारण नाही. आपण मात्र ती जमलेल्यांना गोष्ट म्हणून सांगत आहात, आणि तोंडी चालत आलेल्या गोष्टीची एकच बरोबर प्रत नसते. मिल्मन पॅरी आणि त्यांचे शिष्य अल्बर्ट लॉर्ड यांनी 1930 च्या दशकात युगोस्लाव्हियातील वीरगाथा गाणाऱ्यांचे ध्वनिमुद्रण केले. आपण गाथा शब्दशः तशीच गातो, असे हे गायक प्रामाणिकपणे सांगत, आणि ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवली की दोन खेपांतील ओळी वेगळ्या निघत. त्यांच्या लेखी ‘तशीच’ याचा अर्थ कथा तीच, एवढाच होता. आपल्या आजीलाही बहुधा तेच अभिप्रेत असावे.

त्या ज्येष्ठ बाईंना ‘तुमच्याकडे कशी आहे?’ असे तेथेच विचारावे आणि त्या सांगतील तेवढे ऐकून घ्यावे. तुटलेला ओघ पुन्हा जोडायला आपल्या हाती ‘आटपाट नगर’ आहे, ‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी’ आहे. या ठरीव वाक्यांशी आले की बायका आपोआप सावरून बसतात. क्वचित आजीपेक्षा त्या बाईंची कहाणी चांगली असते, हेही ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : मी मूळचा सटाण्याकडचा असून सातपूरच्या कारखान्यात नोकरी करतो. गावाकडच्या गोष्टी सांगण्याचा मला छंद आहे. घरी अहिराणी बोलत असल्यामुळे रंगमंचावर बोलताना माझ्या तोंडी ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ येतो. शिवाय आठवताना मी ‘अं... अं...’ फार करतो. एका परीक्षकांनी स्पर्धेत दोन्हींसाठी गुण कापले. प्रमाण मराठीचा अभ्यास करून या दोन्ही चुका काढून टाकाव्यात का?
— एक वाचक, सातपूर

उत्तर : ‘डोया’ ही चूक नाही, त्यामुळे ती काढून टाकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. बागलाणातल्या गोष्टीतील माणसे अहिराणीतच बोलतील, आणि त्यांना पुण्याच्या उच्चारांत बोलायला लावले, तर परीक्षकांचे गुण मिळतील पण माणसे नाहीशी होतील. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांच्या कथाकथनाने गावाकडची बोली शहरी नाट्यगृहांत नेली आणि ती ऐकण्यासाठी शहरी श्रोत्यांनी तिकिटे काढली, हा काही फार जुना इतिहास नाही. त्या यशाची एक वाईट बाजूही आहे, ती या निमित्ताने सांगतो. त्यानंतर कोणत्याही गावाची नसलेली, केवळ हशा मिळवण्यासाठी तयार केलेली एक ‘गावरान’ बोली रंगमंचावर रूढ झाली, आणि अनेक परीक्षकांचे कान तिलाच सरावले आहेत. तुमची अहिराणी त्या साच्यात बसत नाही, कारण ती खरी आहे.

श्रोत्यांची सोय मात्र पाहायला हवी. गोष्ट सांगणारा जे स्वतः बोलतो ते तुम्हाला सहज येणाऱ्या मराठीत असू द्यावे आणि संवाद अहिराणीत. पहिले चारपाच संवाद सावकाश म्हणावेत, म्हणजे अपरिचित कानांना सवय होते. एखादा शब्द समजणार नाही असे वाटल्यास थांबून त्याचा अर्थ सांगत बसू नये. दुसऱ्या पात्राच्या उत्तरातून तो उलगडेल अशी योजना करावी. कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) भागातून येऊन स्थायिक झालेली माणसे नाशकात इतकी आहेत, की निम्मे सभागृह तुमच्या आधी हसेल आणि उरलेले त्यांच्याकडे पाहून समजून घेईल.

‘अं’विषयी मी तुमच्या परीक्षकांइतका कठोर नाही. स्कॉट फ्राउंडॉर्फ आणि डुएन वॉटसन यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी श्रोत्यांना एका प्रसिद्ध बालकथेतील भाग तीन प्रकारे ऐकवले : काही अखंड, काही अशा ‘अं’कारांसह आणि काही तेवढ्याच लांबीच्या खोकल्यांसह. ‘अं’कार असलेली गोष्ट श्रोत्यांच्या अधिक चांगली लक्षात राहिली, खोकल्यांनी मात्र स्मरण बिघडवले. सांगणारा काहीतरी शोधतो आहे, पुढे काहीतरी येते आहे, अशी चाहूल त्या आवाजाने लागत असावी. म्हणून नवा प्रसंग किंवा नवे पात्र येण्यापूर्वी एखादा ‘अं’ आला, तर येऊ द्यावा. वाक्याच्या ऐन मध्यात, क्रियापदाच्या आधी, दरवेळी येणारा ‘अं’ ही निव्वळ सवय असते, आणि ‘म्हणजे’, ‘ॲक्चुअली’, ‘बरं का’ ही तिचीच भावंडे आहेत. ती कमी करायची असल्यास फोनवर स्वतःचे एक कथाकथन ध्वनिमुद्रित करून एकदाच ऐकावे. आपला आवाज आपल्याला परका वाटेल. बोलताना तो कवटीच्या हाडांतूनही आपल्या कानापर्यंत पोहोचतो आणि ध्वनिमुद्रणात फक्त हवेतून येतो, एवढेच त्याचे कारण आहे. त्यावर नाराज होऊन गोष्ट सांगणे सोडू नये.

प्रश्न : मी सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांना आणि महाविद्यालयीन मुलांना जुन्या नाशकातून फिरवतो आणि त्या त्या ठिकाणच्या गोष्टी सांगतो. मागच्या रविवारी रंगात येऊन मी जॅक्सनच्या वधाचे वर्ष 1910 सांगितले आणि कान्हेऱ्यांच्या तोंडी गोळी झाडतानाचे एक वाक्यही घातले. घरी आल्यावर वर्ष चुकल्याचे लक्षात आले. मित्र म्हणतात, ‘गोष्ट सांगताना एवढे चालायचेच.’ चालते का?
— एक वाचक, जुने नाशिक

उत्तर : नाही, हे चालत नाही. वरच्या तीन उत्तरांत दिलेली सूट येथे लागू होत नाही. अडखळणे, क्रम मागेपुढे होणे, एखादा तपशील गळणे, बोलीचा उच्चार येणे या गोष्टींनी श्रोत्याची फसवणूक होत नाही. चुकीचे वर्ष तो खरे म्हणून घरी घेऊन जातो आणि पुढे दुसऱ्याला सांगतो. जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे यांनी विजयानंद नाट्यगृहात गोळ्या झाडल्या त्या 21 डिसेंबर 1909 रोजी. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली ती 19 एप्रिल 1910 रोजी. दोन्ही वर्षे एकाच हकिकतीत असल्यामुळे जिभेवर त्यांची अदलाबदल होणे समजण्यासारखे आहे, पण समजण्यासारखे असणे निराळे आणि तसेच राहू देणे निराळे.

कान्हेऱ्यांच्या तोंडी घातलेले वाक्य मला वर्षाच्या चुकीपेक्षा अधिक गंभीर वाटते, कारण वर्ष अनवधानाने चुकले आणि वाक्य रचले गेले. ज्यांचे नाव इतिहासात आहे, त्यांच्या मनात त्या क्षणी काय आले असेल, याविषयी श्रोत्यांना प्रश्न विचारावा, किंवा आपला तर्क ‘मला असे वाटते’ म्हणून उघडपणे मांडावा. अवतरणचिन्हातले वाक्य मात्र कागदोपत्री मिळाल्यावाचून देऊ नये. नाट्यगृहातील प्रयोगाची संध्याकाळ, बदली झालेल्या अधिकाऱ्यासाठी ठेवलेला निरोपाचा समारंभ, प्रेक्षकांत मिसळून बसलेला अठराच्या आतबाहेरचा मुलगा, एवढ्या खऱ्या सामग्रीतून गोष्ट उभी राहत नसेल, तर उणीव सांगण्यात आहे, सामग्रीत नाही. काळाराम मंदिराशी आल्यावर ही काळजी आणखी घ्यावी. 2 मार्च 1930 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तेथे सुरू झालेल्या सत्याग्रहात ज्यांचे आजोबा-पणजोबा होते, अशी माणसे आजही तुमच्या श्रोत्यांत उभी असू शकतात, आणि त्यांना ती हकिकत तुमच्यापेक्षा बारकाईने ठाऊक असते.

दुरुस्ती कशी करावी, हे आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. मागच्या रविवारच्या मंडळींचा व्हॉट्सअ‍ॅपचा गट असेल, तर त्यावर दोन ओळींत योग्य तारखा कळवाव्यात आणि ते वाक्य तुमचे होते, हेही लिहावे. पुढच्या रविवारी तारखा तळहाताएवढ्या चिठ्ठीवर लिहून नेऊन, विजयानंदची हकिकत सुरू करण्यापूर्वी सर्वांदेखत ती चिठ्ठी पाहून सांगाव्यात.